तिसऱ्या पानावरची खूण

कॉलेजात गणिताच्या बाईंना सगळे खुसपटबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. दर शनिवारी त्या फळ्यावर एक बरोबर दोन असं रीतसर सिद्ध करून दाखवायच्या, खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता शोधा, मी कुठे फसवलं." मुलं डोकं खाजवत बसायची. शेवटी कुणीतरी ओरडायचं, "बाई, चौथ्या ओळीत शून्यानं भागलंत!" तेव्हा बाई हसायच्या. आठवड्याभरात हसायच्या त्या तेवढ्याच.

आपण जगातला मोठा प्रश्न सोडवला असं वाटणारी माणसं काही कमी नाहीत. त्यांच्या वह्या टपालानं कॉलेजात यायच्या आणि बाईंच्या टेबलावर पडायच्या. बाई एक छापील चिठ्ठी भरून परत धाडायच्या: पहिली चूक, पान अमुक, ओळ अमुक. पहिल्या चुकीपुढे एक अक्षर वाचायचं नाही, हा त्यांचा नियम.

त्या सोमवारी आलेल्या जाडजूड पाकिटावरचं अक्षर बाईंनी लांबूनच ओळखलं. ते दादाचं होतं, त्यांच्या सख्ख्या भावाचं.

दादा नकाशांच्या कचेरीत आरेखक होता. हात असा, की त्याची रेघ बघत राहावी. पण कोणताही कोन नुसत्या पट्टी-कंपासनं तीन सारख्या भागांत कापता येतो, हे सिद्ध करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. असं होऊच शकत नाही, हे गणितानं केव्हाच दाखवून दिलंय. कुणी तसं म्हटलं की दादा विचारायचा, "त्यांनी माझी वही पाहिलीय का?" पुढे नोकरी सोडली. तीस वर्षं वहिनीनं लोकांचे कपडे शिवून घर ओढलं. आणि बाई? त्यांना सगळं कळत होतं. पण पुरं झाल्याशिवाय दाखवणार नाही असं दादा म्हणाला, आणि त्यांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. भित्रेपणा, दुसरं काय!

आता डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून दादानं वही धाडली होती. दोनशे बारा पानं.

चूक तिसऱ्या पानावरच सापडली. आकृतीतले तीन बिंदू एका सरळ रेषेत आहेत असं दादानं धरलं होतं. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते रेषेत नव्हतेच. मधली बारीकशी फट त्याच्या सुबक रेघेच्या जाडीत बुडून गेली होती. बाकीची पानं नव्यानं उतरवलेली. हे एक तेवढं जुनं, पिवळं पडलेलं. आणि त्या ओळीशेजारी लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण.

ती बाईंची होती. त्या सोळा वर्षांच्या असताना दादानं पहिल्यांदा त्यांना काही तपासायला दिलं होतं. धड कळलं नव्हतं, पण आकृती इतकी देखणी, की खूण करून मोकळ्या झाल्या होत्या.

संध्याकाळी त्या दादाकडे गेल्या. दारातच वहिनीनं हात धरला. "वन्सं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी कशासाठी शिवत बसले, एवढं तरी कळू दे."

दादा उशीला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "कुठलं पान?"

खोटं बोलायचं ठरवूनच बाई आल्या होत्या. तोंडातून निघालं, "तिसरं."

"त्यावर तर तुझी खूण आहे."

"म्हणूनच रे दादा. चुकले मी. बिंदू रेषेत नाहीत."

त्याला धाप लागली. मग म्हणाला, "बाकीचं एकेक पान मी शंभरदा तपासलं. ते तेवढं नाही. ते तू बघितलं होतंस ना." आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोसला असता.

चहा घेऊन वहिनी आत आली आणि दोघांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"बरोबर आहे म्हणतेय ही," दादा म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

वहिनी मटकन खाली बसली. पदरानं डोळे पुसत तिनं नणंदेला विचारलं, "मग यांचं नाव छापून येईल?"

"येईल," बाई म्हणाल्या.