सहाव्या दिवशी

खाडीकडच्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्याच आठवड्यात साठीच्या एक काकू आल्या. त्यांनी जुनी, घड्यांवर फाटलेली चिठ्ठी पुढे केली. डायझेपाम, झोपेची गोळी, रोज रात्री एक. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची.

"काकू, या चिठ्ठीवर नाही देता येणार. डॉक्टरांकडून नवीन आणा."

"तुझ्याआधी काउंटरवर होता तो मुलगा द्यायचा गं."

"मी नाही देऊ शकत."

"बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या. नियम पाळला, याचं मला समाधान वाटलं.

चौथ्या दिवशी औषधं लावताना त्याच गोळ्यांची स्ट्रिप हाताला लागली आणि एकदम आठवलं. हे औषध शरीरातून लवकर जात नाही. यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, तेही तसंच काम करत राहतं, आणि वय झालेल्यांमध्ये तर आणखीच रेंगाळतं. त्यामुळे रोजची गोळी एकदम बंद केल्यावर दोन-चार दिवस माणूस ठीक वाटतो. त्रास नंतर सुरू होतो, कधी थेट फिट येण्यापर्यंत. कॉलेजात हे मी घोकून पाठ केलं होतं. काउंटरवर मात्र ते आठवलं नाही.

काकूंचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. बिल्डिंग सापडायला दोन दिवस लागले, शेवटी शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितली.

दार त्यांनीच उघडलं. कपाळावर घाम, हात थरथरत होते. आत कुकरची शिट्टी झाली तशा त्या दचकून भिंतीला टेकल्या.

"ताप असेल," त्या म्हणाल्या. "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"ताप नाही, काकू. गोळी एकदम बंद झाली म्हणून होतंय. आत्ता चला माझ्याबरोबर."

रिक्षात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना फिट आली तर काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरांनी गोळी लगेच पुन्हा सुरू केली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "नाही म्हणालात ते बरोबर. पण किती वर्षं घेताय, हे विचारलंत का?"

"नाही," मी म्हणाले.

"नवरा गेला तेव्हापासून," काकूच म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली."

गोळी हळूहळू कमी करत सुटायला आठ महिने लागले. मधे एकदा पाव गोळीवर त्या अडकल्या, रडल्या, दुकानात येऊन माझ्यावर चिडल्याही. मी ऐकून घेतलं. आता झोप पहाटेच मोडते, म्हणतात. मग त्या उठून दूध आणायला जातात.