इंग्लिश घरातला झोपाळा

कॅनडात ओकव्हिलचं हे घर मी घेतलं ते तुळयांवर भाळून. बाहेर पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्या. आत दिवाणखान्याच्या छताला दांडग्या काळ्या तुळया. बायकोची अट एकच होती, झोपाळा टांगता आला पाहिजे. तिच्या माहेरचा सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट जहाजातून आला होता आणि आधीच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, कित्येक वर्षं सोफ्यामागे उभा होता.

"एक काय, चार टांग!" मी तुळईकडे हात करून म्हणालो होतो.

पुढे येईल त्या पाहुण्याला मी आवाज खाली आणून घर दाखवू लागलो. "इंग्लंडात अशी घरं ओल्या ओकची बांधायचे. आधी नुसता सांगाडा. सांध्यात खिळे नाहीत, लाकडी खुंट्या. लाकूड वाळेल तसा सांधा आवळत जायचा. आणि मधल्या जागेत? आपल्या कोकणातल्यासारखा कूड! काठ्या विणायच्या, वर माती, पेंढा आणि शेण." शेण म्हटलं की पाहुण्यांची मुलं "ई, ग्रोस!" म्हणून किंचाळायची. मग मी तुळईखाली क्षणभर थांबायचो. "आणि ही बाई सगळं घर तोलून धरते."

झोपाळा टांगायला वॉटर्लूहून काका आले. आमच्या घरोब्यातले, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. तिकडे एलआरटीच्या, म्हणजे नव्या ट्रामच्या, रुळांसाठी रस्ते खणलेले, त्यामुळे वैतागूनच आले होते. तरी त्यांनाही मी सगळा प्रयोग करून दाखवला. त्यांनी तो ऐकला, स्टुलावर चढले आणि तुळईवर टकटक केली. रिकामा डबा वाजला.

"अरे, ही पेटी आहे. तीन फळ्या जोडून रंगवलेली. हिला टोपीसुद्धा टांगू नकोस."

"आणि बाहेरच्या पट्ट्या?"

"वरून ठोकल्यात. आत घर शेजाऱ्यांसारखंच, टू-बाय-फोरच्या बारक्या लाकडी दांड्यांचं. कुणा हौशी माणसानं नटवलंय झालं."

"म्हणजे घरसुद्धा तुमच्यासारखंच निघालं," बायको मला म्हणाली. पण हातातली कडी तिने खाली ठेवली नव्हती. "काका, आता परत सोफ्यामागे का हो?"

काका स्टुलावरून उतरले. "बेसमेंट दाखव."

खाली घर गरम ठेवणारा फर्नेस आणि कपड्यांचा ड्रायर यांच्या मधून एक धुळकट लोखंडी बीम आरपार गेला होता. आजवर मी तिथे एकाही पाहुण्याला नेलं नव्हतं. काकांनी त्यावर थाप मारली. आवाज भरीव आला.

"घर हा तोलतो. सूनबाई, आण तुझा झोपाळा."

मी अजूनही पाहुण्यांना घर दाखवतो. आता शेवटी तुळईवर टकटकही करतो, उरलेल्यांच्या टाळ्या तिथेच पडतात. पण ओल्या ओकपाशी येतो न येतो तोच खालून कड्यांची कुरकुर सुरू होते, आणि पाहुणे एकेक करून जिन्याकडे सरकायला लागतात.

"अहो," खालून हाक येते, "नाटक संपलं असेल तर चहा इकडेच आणा. इथे बसायला जागा आहे."