अठरा दारांची वायर

आमचं घर एकच, पण दारं अठरा. खोल्यांमधल्या भिंती फळ्यांच्या, पुढची लांब पडवी सगळ्यांची. माझं दार सोळावं, सतरावं जांतिंगचं. त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. मेंतीचा बाप म्हणून तो अपाई मेंती, रिपिनची आई म्हणून मी इंदाई रिपिन. आमच्या दोघांत एक फळी, तीही वाकलेली. त्यानं माशात मीठ जास्त टाकलं की इकडे मला तहान लागते. तेव्हा पुढचं सगळं मी चोरून ऐकलेलं नाही, आपसूक कानावर पडलेलं आहे.

मेंतीला नोकरी लागली होती, म्हणजे अर्धी लागली होती. समुद्रापलीकडच्या जोहोरची एक कंपनी, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून कॉम्प्युटरवर ऐकायच्या. सोमवारी सकाळी आठला परीक्षेचा पहिला दिवस. अट एकच, लाईन तुटता कामा नये. तुटली तर बाईसाहेबांनी सामान बांधून जोहोरच्या ऑफिसात हजर व्हायचं.

आता जोहोरचं नाव अपाई मेंतीला नको असतं. दोन मुलगे तिकडेच गेले. थोरला गावाईच्या सणाला एक शर्ट पाठवतो, तोही ढगळ. धाकटा तेवढंही करत नाही. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मेंती गेली की चुलीपुढे हा एकटा.

"नदीवरून आलं की कोणाला सांगू मी, मासा मिळाला म्हणून?" त्यानं मला विचारलं.

"मला सांग. मी अर्धा घेईन," मी म्हटलं. तो हसला नाही.

सिग्नल पकडणारी थाळी आमच्याकडे एक नंबरच्या दारावर आहे. आमच्या टोकाला टेकडी आड येते, म्हणून तिकडे लावली. तिथून वायफाय निघतो खरा, पण दाराला दार, फळीला फळी, वर पत्रा. पाचव्या दारापर्यंत येता येताच तो दमतो. म्हणून अपाई मेंतीनं ठरवलं, घरभर वायर ओढायची आणि आपल्या खोलीत वायफायचा डबा बसवायचा. मिरी शहरात तेलाच्या कॅम्पवर असताना त्यानं वायरीचं काम केलं होतं. बाजारगाव कापितहून बोटीतून दोनशे मीटरचं रीळ आणलं आणि पडवीच्या आढ्याला एकेक खिळा ठोकत निघाला. तीन दिवस ठोकाठोक. मी येताजाता म्हणायची, "अपाई मेंती, घर पळून जाईल म्हणून बांधून ठेवतोयस का?"

"घर नाही पळत," तो शिडीवरून म्हणाला.

शुक्रवारी दुपारी वायर सतराव्या दाराशी पोचली. त्यानं डबा जोडला. दिवा लागेना. काढला, पुसला, पुन्हा जोडला. लागेना. मग तो मटकन खाली बसला. त्याला आत्ता आठवलं होतं की असली वायर शंभर मीटरपर्यंतच चालते. आमचं घर एकशे पस्तीस मीटरचं. कॅम्पवर त्यानं या खोलीतून त्या खोलीत वायरी नेल्या होत्या. एवढं लांब घर तिथल्या साहेबांनी बघितलं असतं तर ना.

उपाय होता. मध्ये वायर तोडायची आणि वीज लागणारा एक जोडडबा घालायचा, म्हणजे पुढच्या शंभर मीटरची सोय. मधलं दार नववं, इनी सुलाऊचं. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, म्हणून सगळ्यांचीच इनी, म्हणजे आजी. मेंतीची आई गेली तेव्हा पोरीला वर्षभर हिनंच जेवू घातलं होतं. तिनं तंबाखू चघळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लाव की. माझ्या खोलीत नाहीतरी काय चालू असतं?" त्यानं तिच्या दाराशी वायरीचा वेढा सोडून ठेवला. उरलेलं काम सकाळी करायचं ठरलं.

सकाळी इनी उठली नाही.

माणूस गेलं की आमच्या घरात आवाज बंद. हातोडा नाही, यंत्र नाही, रेडिओ नाही, खदाखदा हसणं नाही. रडायला तेवढी मुभा. मूठमाती मंगळवारी, त्यापुढे आणखी तीन दिवस पाळायचे. मोडलं तर डुक्कर दंड. इनीला पडवीत ठेवलं होतं, भोवती विणलेल्या चादरी लावून, बरोबर नवव्या दारासमोर. वायरीचा वेढा तिच्या पायाशी लोंबत होता.

अपाई मेंती माझ्याकडे येऊन बसला. हातात तो जोडडबा.  म्हणाला, "तिला सोमवारपर्यंत थांबता आलं नसतं?"

  त्याच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून मी डब्याकडे बघत राहिले.

शेवटी मी त्याला उठवून आमच्या मुखियाकडे, तुआईकडे नेलं. तुआई म्हणाला, "आवाज झाला की दंड. मला काही विचारू नकोस."

"आणि आवाज न करता झालं तर?" अपाई मेंतीनं विचारलं.

"ते इनीच्या मुलाला विचार. आई त्याची आहे."

इनीचा मुलगा न्यांदाऊ रडून रडून सुजलेला. म्हणाला, "अपाई मेंती, तुला लाज नाही."

"नाही," हा म्हणाला. "होती, पण आता परवडत नाही."

 न्यांदाऊ दारातून बाजूला झाला.

रविवारी दुपारी अपाई मेंती नवव्या खोलीत अनवाणी शिरला. खिळे नाहीत, वेताच्या सालीनं त्यानं डबा खांबाला बांधला, जाळं बांधतात तसा. वायर चाकूनं कापली. इथवर सगळं मुकाट झालं. पण वायरीच्या टोकाला प्लास्टिकचं बोंड बसवायचं असतं, आणि ते चिमट्यानं दाबताना फट्कन आवाज होतो. अशी बोंडं दोन. नवव्या खोलीच्या फळीच्या फटीतून तो मला दिसला, चिमटा उशीखाली धरून घामाघूम झालेला.

मी बायकांमध्ये इनीच्या उशाशी बसले होते. मी हंबरडा फोडला. "इनी गं, कुठे गेलीस," असा की तुआई दचकला. उशीखाली फट्. शेजारची म्हणाली, "इंदाई रिपिन, तुझं तर तिच्याशी पटत नव्हतं." मी म्हटलं, "म्हणून तर जास्त वाईट वाटतंय," आणि दुसरा हंबरडा फोडला. पहिलं बोंड नीट बसलं नाही, त्यामुळे मला तिसऱ्यांदाही रडावं लागलं. तिसऱ्या वेळी खरं रडू आलं.

सतराव्या दारात दिवा लागला. हिरवा.

सोमवारी आठला मेंती बसली. लाईन दिवसभर एकदाही तुटली नाही. तिचा बाप सबंध दिवस नवव्या खोलीत बसून होता, कोणी भाताचं भांडं लावायला प्लग काढू नये म्हणून. पण मेंतीचा आवाज मी ऐकत होते. कंपनीनं लिहून दिलेलं, "सुप्रभात, आपली काय सेवा करू," ती असं म्हणत होती की गिऱ्हाइकालाच कोणी गेल्यासारखं वाटावं. एकानं विचारलंसुद्धा, मागे कोण रडतंय. संध्याकाळी तिच्या वरच्या बाईनं फोन केला. "आवाजात हसू हवं."

"आमच्या घरात इनी गेली आहे," मेंती म्हणाली. "इथे हसत नाहीत."

"तुझी आजी?"

"घरातली."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

शुक्रवारी निकाल आला. लाईन पास, आवाज नापास. साठ दिवस जोहोरला येऊन बोलायला शीक. तोवर घरची लाईन रोज सकाळी आठला चालू दिसली, तर त्यानंतर घरून काम. एक दिवस जरी चुकला, तर कायमचं जोहोर.

मेंती बोटीत बसली तेव्हा अपाई मेंती काठावर आला नाही. आठ वाजत आले होते.

आज एकेचाळिसावा दिवस. रोज आठच्या पाऊण तास आधी तो नवव्या खोलीत जाऊन जोडडब्याला हात लावतो, गरम, म्हणजे चालू, आहे ना बघतो. न्यांदाऊ आता विचारतही नाही, चहा ठेवतो. मग परत येऊन हा पोरीच्या खुर्चीत बसतो, सदऱ्याची वरची गुंडी लावतो आणि तिनं दाखवलेलं बटण एका बोटानं दाबतो.

"आलं का कोणी गिऱ्हाईक?" मी विचारते.

"गप बस, इंदाई रिपिन," तो म्हणतो. "तपासतायत."