मस्कतचा चंद्र आणि गावचा पंजा

नाही म्हणजे नाही. मी मटण खाल्लं तेव्हा मोहरम लागलाच नव्हता. हे मी तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं, घरच्या ग्रुपवर तीनदा सांगितलं, आणि आता इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कुणी मला त्या ताटाचा फोटो पाठवू नये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. मी मस्कतला लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग करतो. शाळा नववीपर्यंत, तीही मास्तरांनी दया केली म्हणून. त्यामुळं इतिहासात कुठं चुकलो तर सांभाळून घ्या. रस्त्यात चुकणार नाही.

गारगोटीच्या पुढं सहा किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या तालमीत मोहरमचा पंजा बसतो. उंच काठी, तिच्या टोकाला चांदीचा हात, खाली रेशमी वस्त्रं आणि फुलांच्या माळा. गावात मुसलमानांची घरं चार, पण पंजा सगळ्या गावाचा. आणि तो उचलायचा मान आमच्या घरात, पाच पिढ्या. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, एकतीस वर्षं उचलला. आता त्यांचे गुडघे गेले. पोरं तीन, तिन्ही मुली, तिघी सासरी. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"रव्या, तू आला न्हाईस तर मान घरातनं जातोय."

एवढं बोलून फोन ठेवला. आबा रडत नाहीत, फोन ठेवतात.

मी त्याच दिवशी ऑफिसात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तिथं इस्लामी तारखा छापलेल्या असतात. दहा दिवस मोजले, सुट्टी टाकली, तिकीट काढलं. जाताना मुंबई, येताना गोवा, कारण तसं स्वस्त पडतं. आमचा फोरमन नासर ओमानचाच, निझवा शहराचा. त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की गावचा मान आमच्या घराण्याचा आहे, मी घ्यायला चाललोय. तो हसायलाच लागला. त्यांच्या डोंगरी भागात म्हणे पूर्वी इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा पुढारी, घराण्यावरून ठरवत नसत. जाणती माणसं बसायची आणि लायक माणूस निवडायची. चुकला तर उतरवायची. लायक कुणीच नसला तर गादी रिकामी.

मी विचारलं, मग त्यांच्या पोरांचं काय?

"पोरं घुसलीच की मधी," तो म्हणाला. "सगळी भांडणं त्यावरच झाली."

मी मनात म्हटलं, तुमच्याकडं होत असेल तसं.

गुरुवारी सकाळी कोल्हापूर. मुंबईहून स्लीपर बसला साडेनऊशे लागले, पांघरूण स्वतःचं न्या. स्टँडवर उतरलो आणि पाय आपोआप खानावळीकडं वळले. मटणाचं ताट, तांबडा-पांढरा हवा तेवढा, तीनशे साठ रुपये. दोन वर्षांनी त्या तांबड्याचा घोट घेतला आणि नाकातनं, डोळ्यांतनं पाणी आलं. ताटाचा फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'मान घ्यायला आलोय'.

इथं एक नियम सांगायला पाहिजे. पंजा उचलणाऱ्यानं मोहरमचा चंद्र दिसल्यापासून दहा दिवस अनवाणी राहायचं, खाटेवर झोपायचं नाही, मटण-मासे बंद. हे मला पाठ होतं. पण कोल्हापुरात चंद्र दिसला नव्हता. तो दिसला गुरुवारी संध्याकाळी, माझं ताट पचल्यावर.

गारगोटीची एसटी पकडा, खिडकी डावीकडची. कळंब्याला जेल मागं पडलं की उसाची शेतं लागतात. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं?" मी मस्कत म्हटलं. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "मग बूट काढून का बसलायसा?" मी अनवाणी राहायची सवय करत होतो. मुदाळ तिट्ट्याला चहा प्यायला उतरलो आणि पायात काच घुसली. सवय तिथंच थांबली.

पुढचे चार दिवस मात्र नियम पाळले. जमिनीवर झोपलो, आमटी-भात खाल्ला, लंगडत देवाला गेलो. माझ्यासारखा आणखी एकजण अनवाणी फिरत होता. संज्या. नववीपर्यंत माझ्याच बाकावर होता. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततो. भट्टीजवळ अनवाणी जाऊ देत नाहीत, म्हणून गडी दरसाल मोहरमला दहा दिवस बिनपगारी रजा काढतो. सहा वर्षं तो मिरवणुकीत आबांच्या मागं चालला, त्यांचा तोल गेला की कंबर धरायला. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

मंगळवारी दुपारी पंजा बसायच्या आधी तालमीच्या कट्ट्यावर बैठक बसली, यंदा पंजा कोण उचलणार ते ठरवायला. मधोमध दस्तगीरचाचा. पंजाची सेवा त्यांच्या घरात, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. पोरं माझ्याकडं आणि संज्याकडं बघत होती. आबा खांबाला टेकून बसलेले.

चाचा म्हणाले, हा प्रश्न आपल्या गावाचाच नाही. पैगंबर गेले तेव्हा हाच पडला होता, आता पुढारी कोण. काहीजण म्हणाले, बसून निवडू. काहीजण म्हणाले, त्यांच्या घरातला हवा, जावई हवा. आधी तीन वेळा दुसरे झाले, चौथ्या वेळी जावयाला गादी मिळाली. पुढं दमास्कसच्या गादीवरच्यानं आपल्याच पोराला वारस केलं. पैगंबरांच्या नातवानं त्या पोराला पुढारी मानून हातात हात द्यायला नकार दिला. म्हणून करबल्याला पाणी तोडलं, तहानेनं तळमळत माणसं मारली गेली. आपण दहा दिवस सरबत वाटतो ते त्यासाठी.

मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "म्हणजे चाचा, घराण्याचाच मान खरा."

"गादीवर बसला त्यो बी बापाचाच पोरगा हुता की," चाचा म्हणाले. "घराणं दोघांस्नी हुतं."

पुढं त्यांनी खिशातनं मोबाईल काढला. माझं ताट. कट्ट्यावर एवढं हसले की तालमीतली पोरं जोर मारायचं थांबवून बाहेर आली.

मी ओरडलो, की तेव्हा इथं चंद्र दिसलाच नव्हता. चाचांनी मान हलवली, हे कबूल. मग शांतपणे विचारलं, परतीचं तिकीट कधीचं? मी म्हटलं, रविवारचं, मोहरमची दहावी शनिवारी संपली की दुसऱ्या दिवशी. बोलताबोलताच मी बोटांवर दिवस मोजले. मस्कतला चंद्र एक दिवस आधी धरला होता. गावची दहावी रविवारी होती. मिरवणूक रविवारी दुपारी, आणि माझं विमानही.

"तिकिटाला मस्कतचा चंद्र, मटणाला कोल्हापूरचा," चाचा म्हणाले. "एका माणसाला दोन चंद्र कसं चालतील, रव्या? कुठलाबी एक धर."

मस्कतचा धरला तर मोहरमात मटण खाल्लं. कोल्हापूरचा धरला तर मिरवणुकीला मी विमानात. मी दोन्हीकडनं हिशेब करून बघितला. नाही जमला. तिकीट बदलण्याआधी मस्कतच्या ऑफिसात फोन केला, तर साहेबांनी सोमवारी कामावर नसलास तर येऊच नको म्हणून सांगितलं.

संज्याचं नाव ठरायला पाच मिनिटं लागली. तो खाली बघून पायाचा अंगठा खाजवत बसला. आबा काठी टेकत घरी निघून गेले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि मला त्यांच्यापुढं बसून जेवायची लाज वाटली.

शनिवारी सकाळी उठलो तर अंगणात संज्या उभा, आणि आबा त्याच्या कमरेला आपला जुना चामड्याचा पट्टा आवळत होते. काठी या पट्ट्यात बसते. वारं आलं की काठी वाऱ्याकडं झुकवायची, पाठ ताठ ठेवायची, गर्दीकडं बघायचं नाही. एकतीस वर्षांचं सगळं एका सकाळीत सांगत होते.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आबा, माझ्यामुळं मान घरातनं गेला."

"गेला न्हाय," ते म्हणाले. "माझ्या हातानं दिलाय म्या."

आणि घरच्यांनी केलेला गुळाचा चोंगा, मोहरमची गोड पोळी, माझ्या हातात ठेवला.

रविवारी पहाटे निघालो. गोव्याला जाणार असाल तर गारगोटी, उत्तूर, आजरा, आंबोली असा रस्ता धरा. जीपवाला सीटमागं सातशे घेतो, घाटात गाणी बंद करायला सांगा. विमानात बसायच्या आधी आबांचा व्हिडिओ कॉल आला. फोन उलटा धरला होता. आधी त्यांचं नाक, मग आभाळ, मग गर्दी, आणि गर्दीच्या वर चांदीचा हात. वारं होतं. काठी वाऱ्याकडं झुकली होती.

सोमवारी नासरनं विचारलं, मान मिळाला का? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या गावात निझव्यापेक्षा हुशार माणसं आहेत. मटणाचा फोटो त्यालाही आवडला.

संज्या पुढच्या साली परत बिनपगारी रजा काढणार. बुडालेला पगार माझ्याकडनं घेणार नाही, म्हणून तेवढे पैसे आबांच्या खात्यावर टाकतोय, तेच देतील. रोजचे सातशे, दहा दिवस. वर ताटाचे तीनशे साठ तालमीच्या सरबताला. दंड म्हणून नाही, कारण मोहरम लागलाच नव्हता. एकूण सात हजार तीनशे साठ रुपये.