चाकाला न शिवता

जयसिंग आबांना चालायला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता काहीही बोललं जातं. माणूस एसटीत कंडक्टर. शिरूर डेपोला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. घरापासून मांडवगणच्या चौकापर्यंत जायचं झालं तरी कुणाच्या तरी मोटारसायकलला हात करायचे. मी त्यांच्या शेजारचा. नाव सम्राट, आणि साम्राज्य म्हणाल तर एक दुधाची गाडी. रोज सकाळी गावातलं दूध पाटसच्या आणि यवतच्या हॉटेलांना पोचवतो. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं बरंचसं मी गाडीच्या काचेतून बघितलेलं आहे.

निवृत्तीनंतर आबांना शुगर निघाली आणि डॉक्टरने चालायला सांगितलं. पुण्याची राजनंदिनी नावाची एक मुलगी लोकांना कोकणच्या किनाऱ्याने पायी हिंडवते, हे त्यांनी मोबाइलवर बघितलं. जन्मभर कोकणच्या पाट्या लावलेल्या गाड्या त्यांच्या समोरून सुटल्या होत्या, पण समुद्र काही बघितला नव्हता. नाव नोंदवून मोकळे झाले.

आता त्यांची बायको दगडाबाई. तिला हे रिकामं चालणं पटेना. सून अनुपमा तेव्हा चौथ्या महिन्यात होती आणि तिची आधीची दोन पोटं गेलेली. आमच्याकडे एक रीत आहे, नवस बोलायचा आपण आणि फेडायला लावायचा दुसऱ्याला. सासू बोलते, सून उपास करते. आई बोलते, लेक लोटांगण घालतो. दगडाबाईने भैरोबापुढे नारळ ठेवला आणि आबांना न विचारता बोलून टाकलं, "माजं मालक समुद्राच्या काठानं पायी जात्यात. चाकाला शिवायचं न्हाईत. सुनंची वटी भरू दे." आबांना हे कळलं ते एसटीच्या पायरीवर पाय ठेवल्यावर.

"अगं, मंग ह्या एष्टीत कसा बसू?"

"काठाला पोचल्याव धरा की. तिथनं पुढं चाकाला शिवायचं न्हाई."

गाडीतली माणसं हसली. आबाही हसले आणि डबल बेल मारून निघून गेले.

किनाऱ्यावर राजनंदिनीचा नियम सरळ होता. वाळू असेल तिथे चालायचं. खाडी आडवी आली की होडी. डोंगर थेट पाण्यात उतरलेला असेल आणि वर डांबरी रस्त्याला चढावं लागलं, तर तिथे चालायचं नाही, एसटीची वाट बघायची आणि तेवढा तुकडा बसून काढायचा. "काका, वाळू आपली, डांबर ट्रकवाल्यांचं," असं ती म्हणायची. आंधळी वळणं, रस्त्याला कड नाही, शहाणा माणूस तिथे कशाला चालेल? आणि आबा तर ह्या कामात राजे. कुठली गाडी कुठल्या डेपोची, ती कुठे थांबते, कुठे हात केल्यावर थांबते, सगळं त्यांना वासाने कळायचं. ड्रायव्हरला मामा म्हणून गाडी थांबवायचे आणि सगळ्या पुणेकरांना जागा मिळवून द्यायचे. एका कंडक्टरने हौसेने त्यांच्या गळ्यात आपली बॅग अडकवली. तो फोटो राजनंदिनीने काढला. एवढे खूश आबा मी त्यांच्या पोराच्या लग्नातही बघितले नव्हते.

नवस विसरलात का, असं मी नंतर विचारलं होतं. तर म्हणाले, "आरं, चाक म्हंजी जीप, ट्याक्सी. एष्टी कवा चाक झाली?" थट्टा नव्हती ती. त्या माणसाला एसटी हे वाहन वाटतच नव्हतं. आपण घरात फिरताना फरशीवरून जातो, तसं त्यांना ते होतं.

फोटो पोरगा पृथ्वीराजच्या मोबाइलवर आला. तिथून गावाच्या ग्रुपवर जायला कितीसा वेळ लागतो! भैरोबाच्या देवळाचा कारभार पोपट बघतो. देवाच्या दिव्यात तेल आहे का हे त्याला माहीत नसतं, पण कुणाच्या घरात काय शिजतंय ते बरोबर माहीत. त्याने फोटोखाली लिहिलं, 'नवस एष्टीनं निघाला.' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. दगडाबाई मात्र हसली नाही. तिने दोन दिवस चूल पेटवली नाही.

आबा परत आले आणि देवळात बैठक बसली. मला वाटलं होतं, थोडी टिंगल होईल आणि विषय मिटेल. पण लोकांना हिवाळ्यात काम कमी असतं.

"होडी माफ," पोपट म्हणाला. "पाण्याला काय चाक न्हाई."

"एका खाडीला मोठी बोट व्हती," आबा आपण होऊन म्हणाले, "तिच्यात गाड्याबी चढवल्या व्हत्या."

"तुमी गाडीत बसला व्हता का फळीवं?"

"फळीवं. कठड्याला धरून हुबा व्हतो."

"मंग माफ."

सगळे खो खो हसले. मग एसटीची पाळी आली. आबांना तिथे गाळता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं? पण कंडक्टरच्या तोंडून टप्पा चुकत नाही. कुठे बसले आणि कुठे उतरले, एकूण एक सांगितलं. पोपटने ते बोटांवर मोजलं आणि निकाल दिला. जेवढा रस्ता चाकावर गेला तेवढा पायी चालून फेडायचा, तोही सुनेच्या बाळंतपणाच्या आत. शेतातल्या वाटेने नाही, गाड्यांचाच रस्ता पाहिजे. पाटस ते यवत, हायवेने, भरेल तोवर. हायवेपर्यंत पोचायला गाडी चालेल, एवढी मेहेरबानी केली. "आन् सून तिसऱ्यांदा मोकळी झाली तर गावाला बोल लावू नका," असं शेवटी जोडलं. ह्या एका वाक्याने आबांचं हसू गेलं. त्यांचा भैरोबावर काही फार विश्वास होता असं नाही. पण उद्या काही झालं तर ते कुणाच्या डोक्यावर बसेल, हे त्यांना कळलं.

गाळपाचे दिवस होते. पाटसचा रस्ता म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, उसाची पाचट, धूळ आणि कानाचे पडदे फाटतील असे हॉर्न. त्यात हा माणूस पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, खडीतून चालायचा. सुरुवातीला ओळखीचे ड्रायव्हर प्रेमाने गाडी थांबवायचे, "आबा, बसा की!" मग त्यांनाही गोष्ट कळली. तेव्हापासून दार उघडं ठेवून ते आबांच्या बरोबरीने गाडी हळू चालवायचे, घंटा वाजवायचे आणि आतली माणसं खिडकीतून टाळ्या पिटायची. ज्या डेपोत माणसाने जन्म काढला, त्याच डेपोच्या गाड्या! पोपटची पोरं मध्येच मोटारसायकलवर येऊन बघून जायची, आबा चालतात की बसतात. मीही रोज गाडी हळू करायचो.

"बसा आबा. कोन बघतंय?"

"मी बघतोय की," म्हणायचे आणि पुढे व्हायचे. एक दिवस नाही बसले. एक टप्पा नाही. मी हे कुठेही शपथेवर सांगेन.

घरात त्यांच्या बाजूने एकटी अनुपमा होती. ती यवतच्या शाळेत विज्ञान शिकवायची, पोट जपायचं म्हणून घरी बसली होती. संध्याकाळी गरम पाण्याचं घमेलं आणायची, त्यांचे पाय त्यात ठेवायची, फोड आले असले तर सुई तापवून फोडायची आणि तेल लावायची. शुगरवाल्याच्या पायाचा फोड म्हणजे खेळ नाही, हे तिला कळत होतं.

"आबा, बाळ माझ्या पोटात आहे, तुमच्या पायात नाही. उद्यापासून हे बंद."

"तुजी सासू तरी झोपंल पोरी," आबा म्हणायचे. ती हसायची. तिला हसताना बघून मलाही बरं वाटायचं.

होळीच्या आत सगळं अंतर भरलं. देवळात नारळ फुटला. दगडाबाईने पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि आबांना आग्रह करकरून वाढलं. महिनाभर घर कसं सुखात होतं.

आठव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगा होता. डॉक्टरीणबाईंनी पृथ्वीराजला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यात कुणाचीही चूक नाही, नाळेचा वेढा पडला होता. परत दोनदा सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि घरी येऊन एक अक्षर बोलला नाही.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. दगडाबाईने अनुपमाच्या वडिलांना बोलावून घेतलं. ओट्यावर सतरंजी टाकली होती. पोपट न बोलावता आला होता. आबांनी मला निरोप धाडला म्हणून मीही गेलो. अनुपमा आतल्या दाराशी बसली होती. दूध आलं होतं, म्हणून छाती फडक्याने घट्ट बांधलेली.

"तीन झाली," दगडाबाई म्हणाली. "कूसच जळकी हाय. न्या तुमची लेक. माज्या पोराचं अजून वय हाय."

वडील हात जोडून बसले होते. पृथ्वीराज मोबाइलमध्ये बघत होता. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, अजूनही वाटतं. पोपट म्हणाला, "आबांनी तर नवस फेडला. द्येवाकडनं काय कसूर न्हाई. मंग खोट बाईतच म्हनायची."

तेव्हा आबा उठून उभे राहिले.

"पोरीत खोट न्हाई. मी फेडलाच न्हाई. पाय वडना, म्हनून टोलनाक्याच्या पुढं एष्टीला हात करायचो आन् यवतच्या अलीकडं उतरायचो. रोज. तुमी मला बघायला पोरं धाडायचा तवा चालत असायचो."

दगडाबाई हळूच माझ्याकडे वळली. "सम्राट, तू रोज त्या रस्त्यानं जातूस. खरं हाय ह्ये?"

मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आत दाराशी बघत होते. मी म्हणालो, "व्हय. खरं हाय." मला त्याचा पश्चात्ताप नाही. परत विचारलं तर परत तेच म्हणेन.

अनुपमाचे वडील एकटेच गेले. सुनेचं घर राहिलं. त्या दिवसापासून आबांचं ताट ओट्यावर यायला लागलं, आतून सरकवलेलं. "माज्या नातवाला खाल्लं तुमी," एवढं एकदा बोलून दगडाबाईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौकात पोरं त्यांना बघून डबल बेल वाजवल्यासारखं ओरडायची. पावसाळ्यात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. गाव म्हणालं, बघा, देव सोडत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. मला वाटत होतं, निदान अनुपमाला कळलंच असणार. ते फोड तिने स्वतःच्या हाताने फोडले होते. एसटीत बसून फोड येतात का? विज्ञान शिकवणारी बाई ती. एकदा दूध न्यायला गेलो तेव्हा मी विषय काढला, "वहिनी, आबा तसे..." तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

"भाऊजी, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते हो," म्हणाली आणि किटली ठेवून आत गेली.

मी पुष्कळ विचार केला. तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण एका बाजूला तिची स्वतःची कूस होती आणि दुसऱ्या बाजूला आबांची एसटी. तीन लेकरं गेलेल्या बाईने ह्यातलं काय खरं मानावं? मी तिला दोष देत नाही. पण राग येतो. आबांना म्हटलं, मी तिला खरं सांगून टाकतो. ते म्हणाले, "सांगशील तर माजं मेल्यालं तोंड बघशील. ती घरात ऱ्हायली, बास."

आता अनुपमाला परत दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय. ह्या वेळी दगडाबाई नवस बोललीच नाही. अनुपमा स्वतः देवळात गेली, भैरोबापुढे नारळ ठेवला आणि पोपटच्या देखत बोलली. घराच्या उंबऱ्यापासून यवतपर्यंत आबा पायी, आणि पोचायलासुद्धा गाडी नाही.

परवा सकाळी मी दारात कॅन चढवत होतो. आबा ओट्यावर बसून डाव्या बुटात कापूस कोंबत होते. गुडघेही गेलेत आता, उठताना खांब धरावा लागतो. अनुपमा बाहेर आली. हातात पाण्याची बाटली होती, ती तिने त्यांच्यापुढे धरली.

"आबा, ह्या वेळी तरी बसू नका."

"न्हाई बसत, पोरी."

दीड वर्षात ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि तो माणूस तेवढ्यावर असा खुलला की मला बघवेना. बाटली काखेत मारून निघाले. नदीच्या पुलावर मी त्यांना गाठलं. लंगडत, कडेकडेने, एकटेच चालले होते. मी गाडी हळू केली, पण बसा म्हणालो नाही.