दोन भोकांची टाकी आणि छर्र्याची बंदूक

तो प्रकार आजही आठवला की आधी मला हसू येते. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाणे म्हणजे तीन खोल्या, एक बिनतारी संच आणि ढकलल्याशिवाय चालू न होणारी जीप. आमच्याकडे गुन्हे येत ते बैलचोरीचे, बांधाच्या भांडणाचे आणि जत्रेतल्या मारामारीचे. गोळीबार हा शब्द आमच्या स्टेशन डायरीत मी तरी कधी वाचला नव्हता.

मार्च संपत आला होता. बाजारच्या दिवशी बीट हवालदार गोरेगावहून खबर घेऊन आला. जवळच्याच एका गावात पोस्टमनच्या घरी दुर्बीण लावलेली बंदूक आहे आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी रोज सकाळी शेतात नेम धरते, असे एका मेंढपाळाने पाहिले होते. हवालदार पुराव्यापेक्षा आवाजाने बोलणारा माणूस. त्याच्या तोंडून ती बंदूक लष्करातून सुटून आल्यासारखी वाटत होती. मी म्हटले, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात त्याच गावचे माजी सरपंच दहा माणसे घेऊन ठाण्यात हजर. त्यांच्या गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीला दोन भोके पडली होती आणि पाणी वाहून गच्ची भिजली होती. ते रोज सकाळी त्या टाकीशेजारी उभे राहून दात घासत. तेव्हा नेम त्यांच्यावरच होता, टाकीवर चुकून बसला, असे त्यांचे म्हणणे. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवा म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला.

पोस्टमनचे घर बौद्धवाड्यात. दोन आठवड्यांवर जयंती आली होती, मिरवणुकीच्या वर्गण्या सुरू होत्या आणि गावात आधीच दोन तट होते. माझ्या एका चुकीच्या नोंदीने गाव पेटू शकत होते. मी डायरीला नोंद घेतली, गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करतो म्हणून सांगितले आणि जीप ढकलायला लावली.

मुलीला ठाण्यात बोलवायचे नाही, हे मी ठरवले होते. पोस्टमनने दारातच जयभीम घातला आणि मी काही विचारायच्या आत बंदूक आणून बाजेवर ठेवली. मागोमाग त्याने एक खोके आणले आणि त्यातून एकेक वस्तू निघू लागली. दुर्बीण, खांद्याला अडकवायचा पट्टा, तेलाची बाटली, नळी पुसायचा गज, छर्र्यांच्या चार डब्या, काळ्या वर्तुळांचे कागद. हे सगळे त्याने नांदेडच्या दुकानातून एका खेपेत आणले होते.

"साहेब, मला यातलं काहीच कळत न्हाई," तो म्हणाला. "पोरीला नेमबाजी शिकायची होती. दुकानदार म्हनला, सुरुवात करायची तं सगळ्यात जोरदार घ्या अन सगळं सामान एकदाच घ्या. मी घेतलं."

झाले होते असे की ती छर्र्याची बंदूक इतकी जोरदार होती, की नळी खाली दुमडून स्प्रिंग ताणता ताणता पोरीच्या तळहाताला घट्टे पडले. दुर्बीण तर आठवड्यातच उतरवावी लागली. तिला ज्या स्पर्धेत उतरायचे होते तिथे साध्या छर्र्याच्या बंदुका चालत, पण दुर्बीण चालत नसे. नुसत्या डोळ्याने, नळीवरच्या साईटच्या खाचेतून नेम धरायचा. नांदेडच्या तिच्या नेमबाजीच्या सरांनी दुर्बीण बघून कपाळाला हात लावला होता. मेंढपाळाने तिला पाहिले ते नेमके त्या दुर्बिणीच्या आठवड्यात.

शेतात जाऊन तिची जागा पाहिली. दहा मीटर सुतळीने मोजून घेतलेले, समोर खताच्या पोत्यांत वाळू भरून रचलेली जाड भिंत, तिच्यापुढे कागद अडकवायची फळी. आमच्या पोलिसांच्या गोळीबार सरावातसुद्धा इतकी शिस्त नसते. तरी गावात दोन भोके होती आणि बंदूक एकच होती. मी जबाब घ्यायला बसलो. मुलगी वीस वर्षांची, हिंगोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आईबाप शेजारी बसले होते. हिच्यावर शस्त्राचा गुन्हा लागला तर त्या स्पर्धेची रविवारची नांदेडची निवड चाचणी तर जाईलच, पुढे कुठल्याही नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो कागद आडवा येईल, हे मला ठाऊक होते आणि तिलाही ठाऊक होते.

मी आवाज चढवून विचारले, टाकीवर छर्रे का मारलेस? तिने मान वर करून मलाच विचारले.

"सर, टाकी उपसून बघितली का?"

"कशाला?"

"भोकं एकाच बाजूला हायेत म्हनं. पलीकडून काही बाहेर निघालं न्हाई. मंग छर्रे टाकीतच असतील ना? काढून दाखवा, मी तुमच्यासंगं येते."

हवालदार माझ्याकडे बघू लागला आणि मी लिहायच्या पॅडकडे. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या पंचवीस वर्षांच्या एकत्रित नोकरीला सुचली नव्हती. मी बंदूक आणि सामान पंचांसमोर ताब्यात घेतले. हवालदाराने ठाण्यात आल्यावर चारही डब्यांतले छर्रे टेबलावर ओतून मोजले, बंदूक कापडात गुंडाळली आणि गाठीवर लाखेचे सील ठोकले. परवान्याचा प्रश्न हिंगोलीच्या शस्त्रागारातल्या जमादाराने फोनवर निकालात काढला. नळीचे माप लहान आहे, पावती आहे, परवाना लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोन पंच घेऊन मी माजी सरपंचांच्या गच्चीवर चढलो. खालून त्यांच्या मंडळी सांगत होत्या की पाणी वाया घालवू नका, आज नळ येणार नाही. टाकी आडवी केली. तळाला बोटभर गाळ निघाला, तो आम्ही चाळणीने चाळला. छर्रा नाही, शिशाचा कणही नाही. निघाला तो एक स्टीलचा पेला, त्यावर मंडळींचे नाव कोरलेले. हा पेला जाऊबाईंनी लांबवला, असे त्या वर्षभर सांगत होत्या. त्या वर आल्या, पेला पदराने पुसला आणि तसाच खाली घेऊन गेल्या. जाऊबाई जिन्यातच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पंचनाम्यात घेऊ शकलो नाही, याचे वाईट वाटते.

मग मी भोके नीट पाहिली. छर्रा घुसला तर प्लास्टिक फुटेल, चीर पडेल. इथे कडा गोल होत्या, वितळून बाहेर ओठासारख्या आलेल्या. हवालदाराने नखाने आतून खरवडले, तर नखात काहीतरी चिकट काळे आले. त्याने वास घेतला आणि म्हणाला, डांबर. काळ्या टाकीवर काळे डांबर कुणाला दिसणार?

टाकी कोणी बसवली, असे विचारले तर गावातल्या नळवाल्या मिस्त्रींचे नाव निघाले. म्हातारे मुसलमान गृहस्थ, सायकलला मोठा पाना बांधून चार गावे फिरायचे. पोलिसांनी बोलावले म्हणून घाबरत आले, पण टाकी पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"साहेब, हे तं माझेच भोकं हायेत," ते म्हणाले. "आपल्याकडं बरमा न्हाई. खिळा चुलीत लाल करायचा, अंदाजाला भोकं पाडायची, मंग लोखंडी पाइप तापवून मोठं करायचं. दोन पाडले अन मालक म्हनले, थांब, पाणी ईशान्येकडून निघालं पाहिजे. मी डांबर भरून हे बुजवले अन त्या बाजूनं नळ काढला. मालकायला इचारा, त्या दिवशी चहा पाजला होता."

उन्हाळा लागला तसे डांबर ढिले होऊन निसटले होते. आम्ही सगळे माजी सरपंचांकडे बघत होतो. त्यांनी वाकून भोकात बोट घालून पाहिले.

"व्हय," ते शेवटी म्हणाले, "पाजला होता."

माणूस वाईट नव्हता. वास्तूसाठी स्वतःच नळाची जागा बदलली होती, हे तो चक्क विसरला होता. बंदुकीची बातमी कानावर आली नसती तर त्याने थेट मिस्त्रींनाच हाक मारली असती. त्याने तक्रार लेखी मागे घेतली आणि हे इथेच मिटवू म्हणाला. मी ऐकले नाही. ठाण्यात येण्याआधी आरोप पारावर झाला होता, तेव्हा खुलासाही पारावर व्हायला हवा. त्याने तो केला, अडखळत का होईना, पोस्टमनचा हात हातात धरून केला. जयंतीच्या मिरवणुकीत माजी सरपंचांच्या दारात पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले मी स्वतः पाहिले.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी आणि तिचे वडील बंदूक न्यायला ठाण्यात आले. सील तोडले, पावती झाली, सही झाली. महिनाभर स्क्रू फिरवून साईट बसवली, आता एकच दिवस हातात आहे, असे वडिलांना सांगत ती आनंदाने निघाली आणि मला आठवले. सील लावण्याआधी ठाण्यातल्या सगळ्यांनी एक डोळा मिटून त्या बंदुकीतून पाहून घेतले होते. मागच्या साईटला दोन बारीक स्क्रू होते. ते फिरवले की काय हलते, हे बघायला मी ते फिरवले होते. दोन्ही. किती, ते मलाही सांगता आले नसते. त्या स्क्रूंवरच तिचा महिन्याभराचा नेम बसवलेला होता, हे मला तेव्हा कळले नव्हते, आता कळत होते.

गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. चार पोलीस समोर होते, हवालदार समोर होता, त्यांच्यादेखत चूक कबूल करायची होती. लोकांकडून कबुली काढताना मी कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिला नाही. स्वतःची द्यायला मला ती पार फाटकापर्यंत जाईतो वेळ लागला. मग हाक मारली आणि सांगितले.

तिचा चेहरा पडला. रागावली, पण बोलली एवढेच, "उद्या सकाळी शेतात या सर. कागद बदलायला मानूस लागंल."

शनिवारी सकाळी मी आणि हवालदार शेतात हजर. पाच छर्रे झाडले की ती थांबायची, मी पळत जाऊन कागद आणायचो, ती बघून स्क्रू जरासा फिरवायची. त्यातही आम्ही टेबलावर ओतलेल्या छर्र्यांतले कित्येक चेपलेले निघाले. शिसे मऊ असते आणि हवालदाराचा अंगठा जाड. ते बाजूला काढत बसायचे काम मी त्यालाच दिले. मध्ये तिने मलाही एक छर्रा मारायला दिला. बंदूक घट्ट आवळू नका, ती आधी मागं अन मंग पुढं उडी घेते, तिला उडू द्या, म्हणाली. मी अर्थातच आवळली. छर्रा कागदाच्या बाहेर, वाळूच्या तिसऱ्या पोत्यात गेला. सकाळ सरता सरता तिचे पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

सोमवारी बापलेक पेढे घेऊन आले. निवड यादीत तिचे नाव सर्वांत शेवटी होते, पण होते. ठाण्यात पेढे वाटले गेले आणि हवालदार तर सगळ्यांना सांगत सुटला की छर्रे आपण निवडले होते.

या प्रकरणाने मला तपासाचे एक शिकवले. मी हत्यार आधी पाहिले आणि मग त्याला साजेसा गुन्हा शोधत बसलो. भोके आधी पाहिली असती तर अर्ध्या तासाचे काम होते. पुढे कुठल्याही ठाण्यात गेलो तरी तक्रारदार कोणावर बोट दाखवतो, हे मी नेहमी सर्वांत शेवटी विचारले.

दुसरे मात्र त्या मुलीने शिकवले. निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "सर, तुमी ते स्क्रूचं सांगितलं नसतं ना, तं मी हरून आले असते अन जिंदगीभर म्हनत बसले असते की माझाच हात खराब हाय."