बायकांच्या बाजूचा तिसरा खांब

मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा माईकचा डबा घेऊन मी शिवाजीनगरहून नगरच्या एसटीत बसले. जुना रिबन माईक आहे. आत वर्खासारखी पातळ पट्टी, जोरात फुंकर मारली तरी फाटते. सुप्याजवळच्या गतिरोधकांवर मी आणि डबा दोघंही हवेत होतो. कंडक्टर म्हणाला, "ताई, खाली ठेवा की ते." मी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो पुढे गेला.

हा खटाटोप रूथसाठी. ती माझी शेजारीण. तिचे वडील योहान मास्तर नगरजवळच्या गावातल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं भजनांना ढोलकी वाजवतायत. आता डाव्या हाताची बोटं बधिर होऊ लागलीत, या रविवारनंतर ते थांबणार. "मोबाईलवर रेकॉर्ड केलंय गं, पण ते पप्पांचं वाटतच नाही," असं म्हणताना तिचे डोळे भरले होते.

तीन तासांत नगर येतं. स्टँडबाहेर मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

शनिवारची दुपार, रिकामं दगडी चर्च. खिडक्यांतून ऊन सतरंज्यांवर उतरलेलं, बाहेर होले घुमत होते. मला वाटलं, इथं बोलावंसुद्धा हळूच.

मास्तर बसले. मी माईक ढोलकीच्या हातभर अंतरावर लावला, थापेची हवा पट्टीवर येऊ नये म्हणून जरा तिरका. हेडफोनवर ऐकलं तर नुसतं धपाधप! सरकवून पाहिला, उंच केला, छे. मास्तर गालात हसले.

"इतक्या जवळून कुनी ऐकलंय का कधी? तिकडं न्या. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबापाशी."

"तिथंच का?"

"रूथची आई तितं बसायची. डाव्या हाताची थाप जड झाली की बोट वर करायची. आमी तेवढ्यावरनं वाजवायला शिकलो."

ती जाऊन सहा वर्षं झाली होती. मी खांबाजवळ सतरंजीवर बसले, माझ्या कानाच्या उंचीवर माईक लावला आणि बाजूला झाले. हा माईक पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा. पुढे ढोलकी, मागे दगडी भिंत.

मास्तरांनी थाप दिली आणि डाव्या हाताचा घुमारा त्या भिंतीवरून गोल होऊन परत आला. बोटं मधेच अडखळत होती, तरी ते थांबले नाहीत. शेवटच्या थापेनंतर त्यांनी हळूच विचारलं, "डावा जड न्हाई ना झाला?"

"नाही मास्तर, छान झालं," मी म्हणाले.

पुण्यात परतल्यावर रूथला शेजारी बसवून ते लावलं. ती हुंदका देऊन म्हणाली, "हे पप्पा." शेवटी मास्तरांचा प्रश्न आला, अगदी समोरून, माईकच्या तोंडात विचारल्यासारखा. त्यामागून माझं उत्तर कुठूनतरी कुशीतून, पुसट. ते खांबाकडे बघून विचारत होते, मला नव्हेच.

मी माझं उत्तर तेवढं कापून टाकलं.